शस्त्र कीं किरण ?
फुप्फुसांत उतरलेल्या कर्करोगाच्या उपचारांचा इतिहास

सुश्रुतानें अर्बुदांचें वर्णन करतांना दोन प्रकार निराळे काढले आहेत. पूर्वीच्या गांठीच्या जोडीस दुसरी गांठ उठली म्हणजे अध्यर्बुद, आणि दोन गांठी एकदम किंवा एकीमागून एक उद्भवल्या म्हणजे द्विरर्बुद. असा रोगी त्यानें असाध्यांत घातला आहे. अर्बुदाचा अंश मागें ठेवणाऱ्या वैद्यास त्याच ग्रंथांत इशारा आहे कीं, तें लवकरच पुनः वाढतें. आणि अन्यत्र असेंही सांगितलें आहे कीं, औषध, शस्त्र व क्षार यांस जें दाद देत नाहीं तें अग्निकर्मानें साधतें. आधुनिक वैद्यकांतील प्रत्येक शोध आपल्या पोथ्यांत आधींच लिहिलेला होता असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. परंतु एका ठिकाणचा रोग दुसरीकडे उतरला म्हणजे वैद्यानें हात टेकावे कीं हत्यार उचलावें, आणि उचलावयाचें तर शस्त्र उचलावें कीं अग्नि, हा प्रश्न फार जुना आहे एवढें यावरून दिसतें. गेल्या सुमारें एकशें चाळीस वर्षांत युरोप-अमेरिकेंत हाच प्रश्न फुप्फुसांच्या संबंधांत कसा उपस्थित झाला, त्याचीं उत्तरें कोणीं व कशाच्या बळावर दिलीं, आणि त्या उत्तरांचा पाया किती खोल आहे, हें येथें पाहावयाचें आहे. ज्या घरांत हा रोग शिरला आहे त्या घरच्या माणसांस एक दिवस हा प्रश्न प्रत्यक्ष विचारला जातो, आणि बहुधा डॉक्टरांच्या खोलींतून उठण्यापूर्वींच त्याचें उत्तर द्यावें लागतें. तेव्हां तो केवळ वैद्यांच्या कुतूहलाचा विषय आहे असें आम्ही मानीत नाहीं.

फुप्फुसेंच कां, असें कोणी विचारील. शरीरांत फिरून आलेलें सर्व अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूंतून फुप्फुसांत जातें आणि तेथील केसाहूनही बारीक अशा वाहिन्यांच्या जाळ्यांतून गाळून निघतें. मूत्रपिंड, हाड, स्तन, आंतडें यांतील मूळ गांठीपासून सुटलेल्या पेशी या गाळणींत अडकून राहतात. मात्र अडकली ती रुजलीच असें नाहीं. १८८९ मध्यें लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनीं स्तनाच्या कर्करोगानें मेलेल्या ७३५ रोग्यांचीं शवपरीक्षेचीं टिपणें तपासलीं, आणि रोग कोठें उतरतो हें नुसत्या योगायोगावर अवलंबून नसतें असें दाखविलें. बीं चोहोंकडे उडतें, पण मानवेल त्याच जमिनींत उगवतें, असा त्यांच्या सिद्धांताचा आशय होता. कुणब्याच्या पोरासही कळणारी ही गोष्ट वैद्यकांत पुढें मूलभूत ठरली. तिच्या पोटींच एक अवघड शंकाही जन्मास आली. बीं जर चोहोंकडे उडालेंच आहे, तर उगवलेलें एक रोपटें उपटून काय साधणार ? ही शंका पुढच्या सगळ्या इतिहासाच्या मागें सावलीसारखी लागलेली आहे.

प्रारंभींच्या काळीं मात्र ती कोणास सुचण्याचें कारणच नव्हतें. कारण रोपट्यापर्यंत हात पोंचण्याचीच पंचाईत होती. छातीची भिंत उघडली कीं बाहेरची हवा आंत शिरते, फुप्फुस मिटतें आणि रोगी शस्त्रवैद्याच्या डोळ्यांदेखत गुदमरतो. यामुळें पहिलीं उदाहरणें मुद्दाम घडविलेलीं नव्हतीं, अनायासें घडलेलीं होतीं. १८८२ मध्यें व्हिएन्ना येथील वाइनलेख्नर हे छातीच्या भिंतीवरील मांसार्बुद काढीत असतां त्यांस फुप्फुसांतही गांठी आढळल्या व त्यांनीं त्या काढल्या. रोगी वांचला नाहीं. त्यानंतर झुरिकचे क्रोनलाइन यांनीं १८८४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत असाच प्रसंग आहे. बरगडीच्या अर्बुदासाठीं छाती उघडली असतां फुप्फुसांत गांठ दिसली, ती कापून काढली, आणि ती तरुण स्त्री त्यानंतर सुमारें सात वर्षें जगली. पुढें तिला त्याच रोगानें मृत्यु आला. एका रोग्याचा तत्काळ अंत आणि दुसऱ्याचीं सात वर्षें, एवढ्या दोन मण्यांवर या शास्त्राची माळ ओवण्यास सुरुवात झाली.

छाती उघडण्याची अडचण दूर करण्यासाठीं ब्रेस्लाउ येथें झाउअरब्रुख यांनीं १९०४ च्या सुमारास जी युक्ति काढली ती ऐकून आज हंसूं येईल. त्यांनीं एक बंदिस्त खोलीच बनविली. तिच्यांतील हवेचा दाब कमी केलेला. शस्त्रवैद्य व रोग्याचें धड आंत, आणि रोग्याचें डोकें मात्र गळ्याभोंवतीं घट्ट पट्टा बसवून बाहेर! पुढें श्वासनलिकेंत नळी घालून हवा आंत ढकलण्याची सोपी रीत आली आणि ती खोली वस्तुसंग्रहालयाच्या योग्यतेची झाली. १९२७ मध्यें प्राग येथील दिविश यांनीं दुय्यम गांठ काढण्याच्याच हेतूनें छाती उघडल्याचें प्रसिद्ध केलें. १९३३ मध्यें सेंट लुई येथें एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनीं फुप्फुसाच्या मूळ कर्करोगासाठीं एका बाजूचें संबंध फुप्फुस काढून रोगी जगवून दाखविला. तो रोगी स्वतः डॉक्टर होता, आणि ग्रॅहॅम हे १९५७ मध्यें फुप्फुसाच्याच कर्करोगानें वारल्यानंतरही तो हयात होता. दैवाच्या अशा गोष्टी कादंबरीकारानें रचल्या तर आपण त्यास नांवें ठेवतों.

आतां ज्या एका रोग्यानें या विषयाचें पुढचें वळण ठरविलें त्याच्याकडे येऊं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत बार्नी व चर्चिल या दोन शस्त्रवैद्यांनीं एका बाईच्या मूत्रपिंडांतील कर्करोगाची गांठ आणि फुप्फुसाचा जो खंड त्या रोगानें धरला होता तो, असे दोन्ही काढले. १९३९ मध्यें त्यांनीं हा वृत्तांत प्रसिद्ध केला तेव्हां ती बाई ठणठणीत होती. एकंदर ती शस्त्रक्रियेनंतर तेवीस वर्षें जगली आणि शेवटीं हृदयविकारानें वारली, कर्करोगानें नव्हे. असाध्य ठरलेल्या रोगाचा रोगी तेवीस वर्षें जगावा, ही गोष्ट कोणाच्या मनावर परिणाम करणार नाहीं ? वैद्यकीय मासिकांतून, व्याख्यानांतून, विद्यार्थ्यांच्या पुस्तकांतून या बाईचा दाखला इतक्या वेळां दिला गेला कीं, तिची योग्यता जवळ जवळ एखाद्या क्षेत्राच्या माहात्म्यकथेइतकी झाली.

परंतु माहात्म्यकथेंत जें सांगितलेलें नसतें तेंही विचारावें लागतें. मूत्रपिंडाचा कर्करोग हा मोठा लहरी रोग आहे. कांहीं रोग्यांत तो महिन्यांत पसरतो, कांहींत वर्षानुवर्षें निजून राहतो. क्वचित् मूळ गांठ काढल्यावर फुप्फुसांतील छाया आपोआप विरल्याचीही नोंद आहे. तेव्हां त्या बाईस तेवीस वर्षें शस्त्रानें दिलीं कीं तिच्या रोगाच्या स्वभावानें दिलीं, याचें उत्तर एका रोग्यावरून देतां येत नाहीं. शस्त्र चालविलें नसतें तर काय झालें असतें, हें पाहण्यास ती बाई दुसऱ्यांदा जन्मास येणार नव्हती. बार्नी-चर्चिल यांस दोष द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांनीं पाहिलें तें प्रामाणिकपणें लिहिलें. त्यांच्या मागून आलेल्यांनीं त्या एका दाखल्यावर जो इमला चढविला त्याविषयीं आम्ही बोलत आहों.

अमेरिकेंत ॲन आर्बर येथील जॉन अलेक्झांडर यांनीं हेट यांच्यासह १९४७ मध्यें सुमारें पंचवीस रोग्यांची पहिली मालिका प्रसिद्ध केली. अलेक्झांडर हे स्वतः पाठीच्या कण्याच्या क्षयानें दीर्घकाळ अंथरुणास खिळलेले होते, आणि त्या अवस्थेंतच त्यांनीं फुप्फुसाच्या क्षयावरील शस्त्रक्रियेचा आपला ग्रंथ लिहिला, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. छातीच्या शस्त्रक्रियेची विद्या क्षयाच्या उंबरठ्यावरच वाढली. क्षयाचीं औषधें निघाल्यावर त्या हातांस कर्करोगाचें काम मिळालें. अलेक्झांडर यांनीं कोणत्या रोग्यावर शस्त्र चालवावें याचे कांहीं दंडक घालून दिले, आणि १९६५ मध्यें मेयो क्लिनिकच्या थॉमफर्ड व सहकाऱ्यांनीं त्यांस नीट रूप दिलें. मूळ ठिकाणचा रोग आटोक्यांत आलेला असावा. रोग फुप्फुसांपुरताच असावा, इतरत्र नसावा. रोगी शस्त्रक्रिया सोसण्याइतका धट्टाकट्टा असावा. दंडक शहाणपणाचे होते यांत संशय नाहीं. मूळ रोग जाऊन किती काळ लोटल्यावर गांठ दिसली आणि गांठी किती आहेत, इकडेही शस्त्रवैद्य लक्ष देऊं लागले. पुष्कळ काळानें आलेली एकच गांठ असेल तर तो रोगी उत्तम समजला जाई.

पण येथेंच गणिताचा घोटाळा होतो. एखाद्या वस्तादानें आपल्या तालमींत गांवांतलीं धडधाकट मुलें तेवढीं निवडून घ्यावीं, रोडक्या मुलांस दारावरूनच परत पाठवावें, आणि वर्षअखेर आपल्या मुलांकडे बोट दाखवून ' हा सारा आमच्या मातीचा गुण ' असें म्हणावें, तशांतला हा प्रकार. ज्याचा रोग मंदगतीनें चालतो, ज्याच्या अंगांत ताकद आहे, ज्याच्या गांठी थोड्या आहेत, तोच रोगी निवडावयाचा, आणि तो पांच वर्षें जगला म्हणजे श्रेय शस्त्रास द्यावयाचें ! माती चांगली नव्हती असें नव्हे. पण मातीचा गुण किती आणि मुलांच्या मूळच्या हाडापेराचा किती, हें निवडलेल्या मुलांकडे पाहून सांगतां येत नाहीं.

१९९७ मध्यें पास्तोरिनो प्रभृतींनीं युरोप व उत्तर अमेरिकेंतील अठरा शस्त्रक्रिया-विभागांतून ५२०६ रोग्यांची आंतरराष्ट्रीय नोंदवही प्रसिद्ध केली. ज्यांच्या सर्व गांठी काढतां आल्या त्यांपैकीं शेंकडा ३६ पांच वर्षें, शेंकडा २६ दहा वर्षें व शेंकडा २२ पंधरा वर्षें जगले, असें तींत निघालें. हा शेंकडा ३६ चा आंकडा जगभर मंत्रासारखा म्हटला जाऊं लागला. नोंदवहीचें काम मोलाचें होतें; परंतु तींत फक्त शस्त्रक्रिया झालेले रोगी होते. न झालेल्यांचें काय होतें, हा रकानाच तींत नव्हता. तो रकाना प्रत्येक वैद्य आपल्या मनांत भरून घेई, आणि बहुतेकांच्या मनांत त्यांत शून्य किंवा शून्याच्या जवळचा आंकडा असे. याही पूर्वीं, १९८० मध्यें, स्वीडनच्या ऑबर्ग व सहकाऱ्यांनीं या शस्त्रक्रियेचा गुण वस्तुस्थिति आहे कीं कल्पना, असा रोखठोक प्रश्न छापून विचारला होता. त्यांच्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. गजबजलेल्या जत्रेंत देवाच्या प्रचीतीविषयीं शंका काढणारास जशी वागणूक मिळते तशीच त्यांस मिळाली.

शंका मात्र मेली नाहीं. लंडन येथील टॉम ट्रेझर हे स्वतः छातीचे शस्त्रवैद्य. आपल्याच धंद्याच्या आधारस्तंभास त्यांनीं हात घातला, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० मध्यें एक परीक्षा आरंभिली. आंतड्याच्या कर्करोगाच्या गांठी फुप्फुसांत उतरलेले आणि शस्त्रक्रियेस योग्य असे रोगी घ्यावयाचे, आणि कोणावर शस्त्र चालवावयाचें व कोणावर नाहीं हें चिठ्ठी टाकून ठरवावयाचें. चिठ्ठी ही आंधळी असते. धडधाकटाची बाजू ती घेत नाहीं. परंतु रोगी मिळेनात. ज्या डॉक्टरांचा शस्त्रावर विश्वास त्यांना आपला रोगी चिठ्ठीच्या हवालीं करणें पाप वाटे, आणि रोग्यांनाही ' कांहीं न करणें ' वांट्यास येण्याची धास्ती वाटे. २०१६ च्या अखेरीस परीक्षा थांबवावी लागली. एकंदर ९३ रोगीच चिठ्ठींत आले.

एवढ्या लहान संख्येवरून शेवटचा निवाडा होत नाहीं. तरी तिनें सांगितलेली एक गोष्ट कानाआड करण्यासारखी नाहीं. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं पांच वर्षें जगलेल्यांचें प्रमाण शेंकडा सुमारें ३६ भरलें, म्हणजे नोंदवहींतलाच आंकडा ! आणि शस्त्र न चाललेल्यांचें ? शेंकडा सुमारें ३०. त्यांतले निम्मे रोगी किती काळ जगले असें दुसऱ्या मापानें मोजलें तर शस्त्रवाल्यांचीं साडेतीन वर्षें व बिनशस्त्रवाल्यांचीं ३.८ वर्षें, म्हणजे पारडें थोडें उलटच. कोणत्या बाजूस किती झुकतें हें या आंकड्यांवरून सांगूं नये. फरक योगायोगाचा असूं शकतो. परंतु जो रकाना साऱ्या जगानें शून्यानें भरला होता त्यांत तीस लिहिलेले निघाले, एवढें खास. शंभरांतले तीस रोगी शस्त्रावांचून पांच वर्षें जगणारच असतील, तर छत्तीसांचें सगळें श्रेय शस्त्रास कसें देतां येईल ? आमच्या मतें या सगळ्या इतिहासांतली सर्वांत महत्त्वाची घटना ही अर्धवट राहिलेली परीक्षाच होय.

आतां अग्नीकडे वळूं. रंटजेन यांस १८९५ च्या नोव्हेंबरांत क्ष-किरण गवसले आणि वर्ष दोन वर्षांतच गांठींवर त्यांचे प्रयोग सुरू झाले. गांठ जळे, पण तिच्याबरोबर कातडीही जळे. १९२० नंतर पॅरिस येथें रेगो व कूतार यांनीं दाखविलें कीं, एकदम मोठी मात्रा देण्यापेक्षां ती लहान लहान वांटून दिली तर भोंवतालचें निरोगी मांस रोजच्या रोज सांवरून येतें आणि गांठ मात्र खचत जाते. तेव्हांपासून पांच-सहा आठवडे रोज थोडे थोडे किरण घेण्याची रीत रूढ झाली. १९५१ मध्यें कॅनडांत कोबाल्टचीं यंत्रें आलीं, १९५३ मध्यें लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत रेषीय त्वरणयंत्रानें पहिला रोगी घेतला, आणि किरण खोलवर पोंचूं लागले. फुप्फुसांच्या बाबतींत मात्र त्यांचें फारसें चालेना. तो अवयव नाजूक. किरणांनीं चटकन् सुजतो व पुढें निबर होऊन निकामी होतो. शिवाय तो स्थिर नसतो; श्वासागणिक गांठ वर-खालीं होते, आणि हलत्या निशाणावर नेम धरावयाचा म्हणजे झोत रुंद ठेवावा लागतो. रुंद झोतांत निरोगी फुप्फुस सांपडतें, म्हणून मात्रा कमी करावी लागते; आणि कमी मात्रेनें गांठ मरत नाहीं. या पेचांत पन्नास वर्षें गेलीं.

पेच सुटला तो डोक्याच्या शस्त्रक्रियेंतून. स्टॉकहोमचे लार्स लेक्सेल यांनीं १९५१ मध्यें मेंदूंतील एका बिंदूवर चोहोंबाजूंनीं बारीक किरण एकवटण्याची कल्पना मांडली व तिला किरणांची शस्त्रक्रिया असें नांव दिलें. भिंगानें ऊन एकत्र करून कागद जाळण्याचा खेळ आपण सर्वांनीं केला आहे. फरक एवढाच कीं, येथें एकच झोत वळवावयाचा नसून दीडशेंहून अधिक निरनिराळे क्षीण झोत निरनिराळ्या वाटांनीं येतात, आणि एकाच ठिकाणीं भेटतात. वाटेंतल्या मांसास प्रत्येकाची थोडी झळ लागते. भेटीच्या जागीं मात्र सर्वांचा दाह एकवटतो. १९६८ मध्यें त्यांचें यंत्र कामास लागलें. पण कवटी हलत नाहीं, चौकटींत घट्ट बसवितां येते. छाती कशी बसवावी? त्याच शहरांतील कॅरोलिन्स्का रुग्णालयांत लाक्स व ब्लूमग्रेन यांनीं अंगाच्या मापाची एक चौकट तयार केली. रोग्यास तींत निजवावयाचें, पोटावर दाब देऊन श्वास उथळ करावयाचा, आणि चौकटीवरच्या खुणांवरून गांठीचें ठिकाण मोजून काढावयाचें. १९९१ मध्यें त्यांनीं पहिला रोगी घेतला, आणि १९९५ मध्यें पहिल्या ३१ रोग्यांचा वृत्तांत छापला. पुढें चौकटीची जागा प्रत्येक बैठकीच्या वेळीं घेतलेल्या चित्रांनीं व श्वासाबरोबर चालणाऱ्या यंत्रांनीं घेतली. तीस दिवसांचें काम तीन ते आठ बैठकींत, आणि कधीं कधीं एकाच बैठकींत होऊं लागलें.

नव्या अग्नीनें चटकेही दिले. इंडियानांतील टिमरमन व सहकाऱ्यांनीं २००६ मध्यें फुप्फुसाच्या मूळ कर्करोगाच्या ७० रोग्यांचा अनुभव मांडला. गांठ फुप्फुसाच्या कडेस असेल तर तीन बैठकींत ६० ते ६६ ग्रे इतकी जबर मात्रा बहुतेकांस सोसते. पण ती मुख्य श्वासनलिकांजवळ असेल तर घातक उपद्रवांचें प्रमाण कितीतरी पट वाढतें, असें त्यांत दिसून आलें. तेव्हांपासून मधल्या भागांतील गांठीस मात्रा कमी करून व अधिक बैठकींत वांटून देतात. रेगो यांचा जुना धडा असा पुन्हा गिरवावा लागला.

गांठ मारण्याच्या कामांत किरणांचें यश थक्क करणारें आहे. अमेरिकेंत फुप्फुसांतील एक ते तीन दुय्यम गांठी असलेल्या ३८ रोग्यांची जी परीक्षा २००९ मध्यें छापली तींत, किरण दिलेल्या गांठींपैकीं शेंकडा ९६ दोन वर्षांनींही दबलेल्याच होत्या. हा आंकडा पुष्कळदां सांगतात. त्याच निबंधांतील दुसरा आंकडा तितक्या वेळां सांगत नाहींत. त्या रोग्यांपैकीं निम्मे एकोणीस महिन्यांच्या आंतच वारले. गांठी दबल्या, माणसें गेलीं. पॅजेट यांचें बीं चोहोंकडे उडालेलें होतें.

या दोन आंकड्यांमधील दरी भरून काढण्यासाठीं शिकागोच्या हेलमन व वाइक्सेलबाउम यांनीं १९९५ मध्येंच एक नवा विचार मांडला होता. रोग एका ठिकाणीं असणें आणि सर्वत्र पसरणें या दोहोंमध्यें एक मधली अवस्था असते. तींत गांठी मोजक्याच असतात आणि त्या मोजक्या नाहींशा केल्या तर रोगी पुष्कळ काळ जगूं शकतो. ' थोडे ' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनीं तिला नांवही दिलें. विचार मोहक आहे, आणि कांहीं रोग्यांच्या बाबतींत खराही असावा. अडचण एवढीच कीं, मोजक्या गांठी खरोखर मोजक्या आहेत कीं उरलेल्या अजून दिसूं लागल्या नाहींत, हें त्या दिवशींच्या चित्रावरून कळत नाहीं.

मग शस्त्र श्रेष्ठ कीं किरण ? या दोघांस समोरासमोर उभें करून, चिठ्ठी टाकून, पुरेशा संख्येवर तडीस नेलेली परीक्षा दुय्यम गांठींच्या बाबतींत झालेली नाहीं. फुप्फुसाच्या मूळ कर्करोगासाठीं अशा दोन परीक्षा मांडल्या होत्या. दोन्ही रोग्यांअभावीं बंद पडल्या, आणि २०१५ मध्यें दोहोंतले मिळून ५८ रोगी एकत्र करून निबंध लिहावा लागला. त्यामुळें आहे त्या पुराव्यावर भागवावें लागतें. त्यांत नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील काम आम्हांस विशेष बोलकें वाटतें. तेथें २००७ ते २०१० या काळांत मोजक्या दुय्यम गांठी असलेल्या ११० रोग्यांपैकीं ६८ जणांवर शस्त्रक्रिया झाली व ४२ जणांस किरण दिले. नियम असा होता कीं, पहिला मान शस्त्राचा; जो शस्त्र सोसणार नाहीं त्यास किरण. म्हणजे वस्तादानें परत पाठविलेलीं पोरें किरणांच्या तालमींत गेलीं. तीं वयानेंही बरींच मोठीं होतीं. अपेक्षा अशी कीं, किरणवाले लवकर जातील. पांच वर्षांनीं पाहतां शस्त्रवाल्यांपैकीं शेंकडा ४१ हयात होते, आणि किरणवाल्यांपैकीं त्याहून कमी नव्हे, किंचित् अधिकच. थकलेले, वयस्क, नाकारलेले रोगी निवडलेल्यांच्या बरोबरीनें चालले. येथेंही चिठ्ठी नव्हती हें खरें. पण येथें निवडीचा पक्षपात किरणांच्या विरुद्ध होता, आणि तरी ते हरले नाहींत.

किरणांच्या पक्षास याहून बळकट आधार कॅनडांतील लंडन या शहराहून चालविलेल्या परीक्षेनें दिला. तींत चिठ्ठी होती. निरनिराळ्या कर्करोगांच्या एक ते पांच दुय्यम गांठी असलेले ९९ रोगी घेतले; एक तृतीयांशांस नेहमींचे उपचार आणि दोन तृतीयांशांस त्यांशिवाय सर्व गांठींवर नेमके किरण. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निकालांत पहिल्यांचें मध्यम आयुष्य २८ महिने व दुसऱ्यांचें ४१ महिने निघालें. पांच वर्षें जगलेल्यांचें प्रमाण पुढें शेंकडा सुमारें १८ विरुद्ध ४२ असें भरलें. पण किरण दिलेल्या ६६ पैकीं तिघे उपचारामुळेंच दगावले. शिवाय त्या ६६ मध्यें पुरुषांतील प्रॉस्टेट ग्रंथीच्या मंदगति कर्करोगाचे रोगी चिठ्ठीच्या लहरीनें अधिक पडले होते. लहान परीक्षेंत आंधळी चिठ्ठीही कधीं कधीं एका बाजूस लवंडते. स्तनाच्या कर्करोगापुरती अशीच परीक्षा अमेरिकेंत १२५ रोग्यांवर झाली. तिचा निकाल २०२२ मध्यें लागला, आणि तींत नेहमींच्या औषधांवर किरणांची भर घालून कांहीं लाभ दिसला नाहीं. तेव्हां अग्नीचीही माहात्म्यकथा लिहिण्याची घाई कोणीं करूं नये.

आमचें मत विचाराल तर, कडेस असलेली एक-दोन गांठ, वय झालेलें, दम लागणारा रोगी, अशा ठिकाणीं शस्त्राचा आग्रह धरण्यास आज फारसा आधार उरलेला नाहीं. छाती उघडण्याचें दुःख, महिनाभराची अशक्तता, फुप्फुसाचा गमावलेला तुकडा, हें सर्व किरणांनीं टळतें. उलट हाडाच्या मांसार्बुदांत तरुण मुलांच्या फुप्फुसांतील गांठी काढण्याची रीत अजून टिकून आहे व ती सोडण्यास सबळ कारण नाहीं; वृषणाच्या कर्करोगांत औषधांनीं मागें राहिलेली गांठ काढून पाहावी लागते, कारण ती मेलेली आहे कीं जिवंत हें कापल्यावांचून समजत नाहीं. आणि शस्त्राजवळ एक गोष्ट आहे जी किरणांजवळ कधींच येणार नाहीं. तें हातांत कांहीं तरी देतें. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवतां येतो. शस्त्रवैद्याच्या बोटांस चित्रांत न दिसलेली दुसरी गांठही कधीं कधीं लागते.

आपल्या देशांत या मुद्द्यास दुप्पट वजन आहे. क्षयाची जुनी गांठ चित्रांत कर्करोगासारखीच दिसूं शकते. किरणोत्सर्गी साखर टोंचून घेतलेल्या अलीकडच्या चित्रांतही ती तशीच उजळते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत किंवा अन्यत्र ज्यांस ' फुप्फुसांत कांहीं दिसतें आहे ' असें सांगण्यांत येतें त्या सर्वांचें तें कांहीं कर्करोगाचेंच असतें असें नाहीं. सुई घालून तुकडा घेतल्यावांचून किरण दिले आणि छाया विरली, तर काय विरलें हें कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. आणि रोगी मात्र कर्करोगांतून उठला म्हणून आंकड्यांत जाऊन बसेल.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांतील ९० रोग्यांवरील चिठ्ठीच्या परीक्षेचा निकाल २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. फुप्फुसांत तीनपर्यंत दुय्यम गांठी असलेल्या रोग्यांपैकीं कांहींस चार बैठकींत ४८ ग्रे, आणि कांहींस एकाच बैठकींत २८ ग्रे मात्रा दिली. तीव्र उपद्रव दोन्ही बाजूंस थोडेच झाले, आणि एका बैठकीनें अधिक झाले असें दिसलें नाहीं. म्हणजे आतां रोगी सकाळीं येतो, तासाभरानें उठतो, आणि आपल्या पायांनीं घरीं जातो. अंगावर टांका नाहीं, हातांत तुकडा नाहीं. तीन महिन्यांनीं चित्र काढतात तेव्हां गांठीच्या जागीं एक धूसर वण दिसतो. तो पुढें कधीं वाढल्यासारखा दिसतो, कधीं आक्रसतो, आणि त्यांत निवलेल्या किरणांची खूण कोणती व पुनः उठूं पाहणारा रोग कोणता, हें निष्णात डोळ्यांसही पुष्कळदां ओळखतां येत नाहीं. मग डॉक्टर आणखी तीन महिन्यांनीं पुन्हा चित्र काढण्यास सांगतात.